अपडेट आत्ता करायचं काय क्लोजिंग झाल्यावर?

खानापूरच्या एका क्रेडिट सोसायटीत मार्चचा शेवटचा आठवडा चालू होता. पिग्मी एजंट दिवसाचा भरणा घेऊन काउंटरसमोर उभे, आत लेजर जुळवायची घाई, आणि कॅशवरच्या अक्कांच्या स्क्रीनवर रिस्टार्ट मागणारी चौकट सकाळपासून तिसऱ्यांदा वर आलेली. "हे आत्ता करायचं काय क्लोजिंग झाल्यावर?" अक्कांनी विचारलं. मी म्हणालो, "आत्ता नको." अपडेट बंद करून ठेवले आणि पुढच्या कामाला लागलो.

माझं उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेल्या अर्ध्याचं काय झालं ते पुढे येईल. आधी अक्कांचा प्रश्न नीट बघू, कारण तो वाटतो तेवढा साधा नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या सोसायट्या, सीएंची ऑफिसं, उद्यमबागेतल्या फाउंड्री, लहान दवाखाने, कुठेही जा, संगणकांसाठी वेगळं खातं नसतं. आठवड्यातून एकदा येणारा माझ्यासारखा कोणीतरी असतो आणि एरवी समोर बसलेला माणूसच ठरवतो. म्हणून हा निर्णय कशावर घ्यायचा, हे त्या माणसाला माहीत असलं पाहिजे.

पॅच आला की घड्याळ सुरू होतं

सॉफ्टवेअर म्हणजे माणसांनी लिहिलेल्या सूचना, लाखो ओळींच्या. त्यात चुका राहतात. काही चुकांमुळे नुसता प्रोग्राम अडकतो. काही चुकांतून मात्र बाहेरच्या माणसाला आत शिरता येतं. अशी फट बुजवणारा तुकडा म्हणजे सुरक्षा अपडेट, आपण ज्याला पॅच म्हणतो.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पॅच जाहीर होतो त्या दिवशी फट बुजते ती फक्त लावणाऱ्यांची. न लावणाऱ्यांची फट त्या दिवसापासून जास्त धोक्याची होते. कारण आत शिरू पाहणारी माणसं जुनी फाईल आणि नवी फाईल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते बघतात. जिथे डागडुजी झाली, तिथेच भगदाड होतं. कालपर्यंत जे मोजक्या लोकांना माहीत होतं, ते आज चिकाटीच्या कोणालाही शोधता येतं. गूगलने ऑगस्ट २०२३ पासून क्रोम ब्राउझरचे सुरक्षा अपडेट दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली, ती याचसाठी. क्रोमचा मूळ कोड सगळ्यांना उघडा दिसतो. दुरुस्ती तिथे दिसल्यापासून ती वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचेपर्यंतचे दिवस त्यांना कमी करायचे होते.

हे घड्याळ कसं चालतं, ते २०१७ मध्ये जगाने पाहिलं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला विंडोजमधली एक फट बुजवणारा पॅच दिला. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस त्याच फटीतून सुटला. मध्ये एकोणसाठ दिवस गेले होते. दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक कुलूपबंद झाले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत अंदाजे १९ हजार रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक त्यात सापडले. आणि ते जुनेपुराणे, टाकून दिलेले संगणक होते असंही नाही. बहुतेक विंडोज ७ चे होते, ज्याला तेव्हा पॅच मिळत होता. फक्त कोणी लावला नव्हता. त्या एकोणसाठ दिवसांत कितीतरी ठिकाणी कोणीतरी "क्लोजिंग झाल्यावर" म्हणालं असणार.

मग आला की लगेच लावायचा?

तसंही नाही. उलट बाजूही खरी आहे, आणि जे लोक "सरळ सगळं ऑटोमॅटिक ठेवा" म्हणतात त्यांनी ती मान्य केली पाहिजे.

९ मार्च २०२१ चे विंडोज अपडेट लावल्यावर काही प्रिंटरांवर प्रिंट दिली की संगणक निळा पडदा दाखवून बंद पडायचा. मार्च महिना, आणि प्रिंट देता येत नाही! सोसायटीत काम केलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दुरुस्ती १५ मार्चला आली. म्हणजे सहा दिवसांचा प्रश्न होता.

१९ जुलै २०२४ चा प्रसंग तर सगळ्यांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष फाईल पाठवली. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत ती मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले होते. विमानतळांवर इंडिगोचे बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. इथे एक बारकावा आहे. अनेक कंपन्यांनी नवी आवृत्ती उशिरा घ्यायची असं ठरवून ठेवलं होतं, तरी त्या सापडल्या. कारण ती फाईल आवृत्तीचा भाग नव्हती. अँटिव्हायरसला दिवसातून अनेकदा "आज चोर कसा दिसतो" हे सांगणाऱ्या ज्या फाईली येतात, त्यातली ती होती. त्या न विचारता येतात. म्हणून आपल्या संगणकावर कोणकोणतं सॉफ्टवेअर स्वतःहून बदलतं, हे एकदा बसून बघून ठेवावं.

त्याहून वाईट म्हणजे अपडेटमधूनच विष येणं. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका करहिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या पसरला. बोटींची कंपनी मर्स्क ठप्प झाली, आणि न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही अडलं. असं क्वचित होतं. वॉनाक्रायसारख्या जुन्या फटीतून होणाऱ्या घुसखोऱ्या त्यापेक्षा कितीतरी जास्त. पण भीती खोटी नाही.

वापसा

येळ्ळूर, शहापूरच्या शिवारात शेती करणाऱ्याला मला जे म्हणायचं आहे ते एका शब्दात कळेल. पाऊस पडून गेल्या गेल्या औत घातलं तर बैल रुततो आणि मातीची ढेकळं होतात. फार थांबलं तर ओल उडून जाते. मधल्या ज्या थोड्या दिवसांत जमीन औत घेते, तो वापसा.

पॅचलाही वापसा असतो, कारण इथे दोन धोके उलट दिशेने चालतात. पॅच बिघडलेला असण्याचा धोका पहिल्या दोन-चार दिवसांत सगळ्यात जास्त. जगभरच्या लाखो लोकांनी तो लावला, कुठे प्रिंटर अडला, कुठे संगणक सुरूच झाला नाही, ते बाहेर येतं आणि धोका झपाट्याने उतरतो. फट उघडी राहण्याचा धोका पहिल्या दिवशी तुलनेने कमी आणि रोज चढत जाणारा. या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे लावायचा. साध्या ऑफिसातल्या साध्या संगणकासाठी माझ्या अनुभवाने तो तिसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंतचा काळ आहे.

पण हा वापसा सगळीकडे सारखा नसतो. तो पुढे-मागे कशाने सरकतो, हेच खरं शिकायचं.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो ही फट आज कोणी वापरतंय का याने. वर्षाला हजारो फटी नोंदल्या जातात आणि प्रत्यक्ष हल्ल्यात वापरल्या जातात त्यातल्या थोड्याच. बातमीत "दहापैकी ९.८" असा आकडा येतो. तो सीव्हीएसएस नावाच्या मोजपट्टीवरचा. आत शिरलेला माणूस किती नुकसान करू शकेल आणि शिरणं किती सोपं, एवढंच तो सांगतो. कोणी शिरतंय का, हे सांगत नाही. ते कळायला अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेची यादी आहे, नोव्हेंबर २०२१ पासूनची. प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या फटीच तिच्यात घेतात. ती कोणालाही फुकट बघता येते. आपल्याकडच्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या सूचनाही बघाव्यात. यादीत नाव आलं की वापसा संपला असं समजायचं.

यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त मात्र राहायचं नाही. जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज टेक्नॉलॉजीज या लहान बँकांना यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला तात्पुरतं वेगळं केलं, आणि देशातल्या सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार अडले. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार वाट सापडली ती एका पुरवठादाराच्या जेंकिन्स नावाच्या सॉफ्टवेअरमधून. त्या फटीचा पॅच २४ जानेवारीलाच निघाला होता. म्हणजे सहा महिने. आणि सिसाच्या यादीत ती आली १९ ऑगस्टला, हल्ला होऊन गेल्यावर. सहकारी बँका आणि सोसायट्यांवर चालणाऱ्या आपल्या भागाने हे प्रकरण मनावर घ्यायला हवं. ज्या बँकांचे व्यवहार अडले, त्यांच्या स्वतःच्या संगणकांतून ही वाट गेलीच नव्हती. म्हणून सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याशी करार करताना "तुम्ही पॅच किती दिवसांत लावता?" हे लेखी विचारा. विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

दुसरा प्रश्न, तो संगणक रस्त्यावर उभा आहे की माजघरात? राऊटर, फायरवॉल, घरून काम करण्यासाठी उघडलेला रिमोट, वेबसाइट, हे सगळे रस्त्यावरचे. त्यांच्यापर्यंत पोहोचायला कोणी कशावर क्लिक करावं लागत नाही. जगातला कोणीही रात्री दोन वाजता कडी हलवून बघू शकतो, आणि यंत्रं लावून बघतातही. यांचा पॅच गंभीर असेल तर मी त्याच दिवशी लावतो, फार तर दुसऱ्या. अर्धा तास इंटरनेट बंद राहिलं तर मॅनेजर रागावतील, रागावू देत. लावता येत नसेल तर ते दार तेवढं बंद ठेवतो. आणि खरी अडचण अशी की बहुतेक ऑफिसांत राऊटर बसवल्या दिवसापासून कोणी त्याच्याकडे बघितलेलंच नसतं. संगणक निदान चौकट दाखवून विनवतो. राऊटर बिचारा गप्प बसतो.

माजघरातले संगणक म्हणजे अक्कांचा कॅशचा, लेजरचा, पासबुक छापायचा. इथे आत शिरायला सहसा ईमेल, वेबसाइट किंवा पेनड्राइव्ह लागतो. यांना वापशाची वाट बघता येते. ब्राउझर मात्र रोज बंद करून उघडावा, कारण बाहेरचं जग त्यातूनच आत येतं आणि त्याचा पॅच एका मिनिटात लागतो. पन्नास टॅब उघडे ठेवून आठवडाभर क्रोम चालू ठेवण्याची सवय मोडणं, हा मला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

तिसरा प्रश्न, हा संगणक बंद पडला तर काय थांबेल, आणि परत फिरायची सोय आहे का? माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे. ज्या ऑफिसात कालच्या रात्रीचा बॅकअप आहे आणि तो परत चढवून बघितलेला आहे, तिथे घाई परवडते. पॅच बिघडला तर दोन तासांत मागे येता येतं. जिथे बॅकअप नाही, तिथे पॅच लावायलाही भीती आणि न लावायलाही भीती. लोक मला विचारतात की अपडेट किती दिवसांनी लावू. मी आधी बॅकअप विचारतो. त्याचं उत्तर मिळेपर्यंत दिवसांचा हिशेब मांडताच येत नाही.

कॅलेंडरवर बसवायचं कसं

मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच देते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात, म्हणून बुधवारी सकाळी ते दिसतात. हा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या मध्येच पडतो. सीएंच्या ऑफिसात याच दिवसांत जीएसटीच्या विवरणपत्रांच्या मुदती येतात, ११ तारखेची जीएसटीआर-१ ची आणि पुढे २० तारखेची ३बी ची. त्या दोन्हींच्या मधली फट, म्हणजे १३ ते १७, ही त्यांची जागा. सोसायटीला तारखांची एवढी अडचण नसते, तिथे महिनाअखेर सोडली की झालं.

मी असं करतो. बुधवारी एक संगणक घेतो, ज्याच्यावाचून दिवस अडत नाही असा. पण प्रिंटर आणि पासबुक मशीन त्यालाही जोडलेलं हवं, नाहीतर चाचणीचा उपयोग काय? त्यावर पॅच लावून प्रिंट देतो, पासबुक छापतो, पिग्मी मशीनचा डेटा उतरवून बघतो. शुक्रवार-शनिवारपर्यंत ठीक असेल तर बाकीचे. सर्व्हर शेवटी, आणि त्याच्या आधी सॉफ्टवेअर देणाऱ्याला फोन करून. बँकांसारखी दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी असलेल्या ऑफिसात सर्व्हरला दिवस आयता मिळतो. पॅचपासून चौथा नाहीतर अकरावा दिवस सुट्टीचा शनिवार असतोच, कॅलेंडर काढून बघा.

रविवार मी टाळतो. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवणार असल्याची हेस्कॉमची सूचना पेपरात अनेकदा रविवारचीच असते, आणि अपडेट अर्ध्यावर असताना लाईट गेली तर संगणक परत उठेलच असं नाही. खानापूर, जांबोटीकडे जून ते सप्टेंबर तर कुठल्याही दिवशी आधी यूपीएसची बॅटरी किती टिकते ते बघून मगच हात घालायचा.

फाउंड्रीतल्या मशीनला जोडलेला संगणक ही वेगळी जात आहे. तिथे कधी कधी अजून विंडोज एक्सपी असतं, आणि मशीन बनवणारा म्हणतो की काही बदललंत तर जबाबदारी आमची नाही. तिथे पॅचचा हट्ट धरू नये. त्याची इंटरनेटची वायर काढावी, ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडावा, आणि ड्रॉइंग आणायला एकच पेनड्राइव्ह ठेवून तो दर वेळी दुसऱ्या संगणकावर तपासावा. विंडोज १० ची गोष्टही आता त्याच वाटेने जाणार आहे. त्याचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, आणि आपल्याकडच्या कितीतरी संगणकांवर विंडोज ११ चढत नाही. त्यांची मुदतवाढ घ्यायची, बदलायचे की इंटरनेटपासून तोडायचे, हे संचालकांच्या बैठकीत ठरायला हवं. आठवड्यातून एकदा येणाऱ्या माणसावर ते सोडू नये.

आणखी एक. सुरक्षा अपडेट आणि नवी आवृत्ती या दोन गोष्टी वेगळ्या. नव्या आवृत्तीत नवी बटणं, नवा चेहरामोहरा येतो. तिला सहा महिने थांबवलंत तरी चालेल, जोवर जुन्या आवृत्तीला पॅच मिळताहेत तोवर. दोन्हींना अपडेट हाच शब्द असल्यामुळे एका बटणाला कंटाळलेला माणूस दोन्ही थांबवतो.

मी स्वतः तेच केलं होतं. त्या मार्चमध्ये अक्कांच्या संगणकावर विंडोजची थांबवायची नेहमीची सोय वापरली असती, तर जास्तीत जास्त पाच आठवड्यांनी अपडेट आपोआप सुरू झाले असते. मी ती सेवाच बंद केली, कारण चौकट पुन्हा यायला नको होती. एप्रिलमध्ये ऑडिट होतं, मे महिन्यात लग्नसराई, मग पाऊस. पुढच्या वर्षी मे महिन्यात प्रिंटर जोडायला त्या संगणकासमोर बसलो तेव्हा दिसलं की चौदा महिन्यांत एकही पॅच लागलेला नाही. काही झालं नव्हतं. पण ते माझ्या कामामुळे नव्हे. त्या संगणकावर आसपासच्या गावांतल्या लोकांची खाती होती, रोजचे वीस-तीस रुपये पिग्मीत टाकणाऱ्यांची. त्या दिवशी परतताना बसमध्ये मला फार अस्वस्थ वाटत होतं.

तेव्हापासून तिथे एक वही आहे, साधी शंभर पानी, कॅशच्या ड्रॉवरमध्ये. अपडेट थांबवलं की त्यात एक ओळ लिहायची. कोणता संगणक, का थांबवलं, कोणी सांगितलं, आणि कोणत्या तारखेला लावणार. तारखेचा रकाना रिकामा ठेवून थांबवायचं नाही, मॅनेजरांनी सांगितलं तरी. यंदाच्या मार्चमध्ये चौकट आली तेव्हा मी निपाणीला होतो. अक्कांनी फोनही केला नाही. वहीत ओळ होती: कॅश काउंटर, वर्षअखेर, माझी मी, ४ एप्रिल. त्यापुढे वेगळ्या शाईत, लावले, प्रिंट ठीक.